माझ्याच तोंडून निघालेला मायचा हुकूम

ज्याने देवीची नक्कल केली, त्याच्यासाठी देवी धावून येईल का? हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच पडला, आणि तोही अशा वेळी, की उत्तर यायला आणखी थोडा उशीर झाला असता तर हे लिहायला मी उरलो नसतो. अनुभव सांगणारी माणसं बहुधा आधी आपली नित्याची पूजा, उपास, वाचन यांबद्दल सांगतात. माझ्याकडे तसलं काही नाही. मी भक्त नंतर झालो. आधी नट होतो, आणि नट म्हणूनही जरा आगाऊच.

आमचं गाव आसेगावच्या अलीकडे. आता ते वाशीम जिल्ह्यात येतं, तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो. बहात्तरचा दुष्काळ उलटून तीन-चार पावसाळे झाले असतील. मी बाविशीत होतो. घरात बाबा, त्यांची विधवा बहीण म्हणजे आमची गंगू आत्या, थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि त्याची बायको शांता वैनी. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घराचा कारभार आत्याच्या हाती होता. वैनीचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. ती आत्यासमोर डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय एक शब्द बोलत नसे, आणि सावरल्यावरही बहुतेक वेळा बोलत नसेच. माझं म्हणाल तर सकाळी शेत, संध्याकाळी नाटकाची तालीम. गणपतीत आमच्या गावाचं नाटक बसायचं. पडदा म्हणजे दोन सतरंज्या, आणि मी म्हणजे लागेल ते. एका वर्षी राक्षस, पुढच्या वर्षी वैनीचं लुगडं नेसून राजाची राणी. लोक टाळ्या वाजवत, आणि त्या टाळ्या माझ्या डोक्यात वर्षभर वाजत राहत.

गावाच्या शिवेवर निंबाखाली मरीमायचा शेंदूर लावलेला दगड आहे. सगळं गाव तिला नुसतं माय म्हणतं. आषाढात तिची पूजा व्हायची, डफडं वाजायचं, आणि गावचा म्हातारा भगत घुमायला लागायचा. मग लोक विचारत आणि माय त्याच्या तोंडून सांगे. त्या वर्षी भगताचा पाय मुरगळला होता आणि तो लेकीच्या गावी जाऊन पडला होता. डफडं वाजवणाऱ्यांचे हात दुखायला लागले तरी कोणाच्याच अंगात येईना. बायाबापड्या नारळ घेऊन ताटकळत उभ्या. आता रिकामा रंगमंच आणि भरलेले प्रेक्षक हे दृश्य मला आजही बघवत नाही. तेव्हा तर विचारूच नका. मी डोळे फिरवले, दात खाल्ले, टोपी उडवली आणि घुमायला लागलो.

काय घुमलो, म्हणून सांगू. भगत दोन पावलं नाचायचा, मी निंबाला फेरी मारली. बाया पाया पडल्या. आधी कोणाची हरवलेली शेळी, कोणाच्या लेकीचं लग्न असले सोपे प्रश्न आले, ते मी झोकात निभावले. मग आमची आत्याच पुढे आली. त्या पावसाळ्यात घराघरात हिवताप शिरला होता. तिने पदर पसरला. "माय, घरोघरी माणसं हिवानं कापून राह्यले. काय करावं थे सांग."

मला तापातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रेक्षक थांबलेले, आणि नटाने गप्प बसायचं नसतं. आमच्याकडे तापल्या माणसाला गोधडीत गुंडाळून ठेवायची आणि पाणी बेताने द्यायची रीत होतीच. मी तिलाच जरा रंग चढवला. घोगऱ्या आवाजात ओरडलो, "ताप कोंडा. गोधड्या टाका. घाम फुटेस्तोवर पाण्याचा थेंब देऊ नका. देल्लं तं मी परत येईन." शेवटचं वाक्य केवळ परिणामासाठी होतं. म्हणताना माझ्याच अंगावर काटा आला, इतकं ते चांगलं वठलं. घरी येऊन मी पोटभर हसलो. मी स्वतः तापाने पडायच्या आधी गावात तीन-चार माणसं त्या हुकमाप्रमाणे गोधड्यांखाली तापली. ती सगळी उठून बसली, ही मायची कृपा. त्यातलं एखादं दगावलं असतं, तर हे सगळं मी कोणत्या तोंडाने लिहिलं असतं कुणास ठाऊक.

भादव्यात माझी पाळी आली. शेतात डवरणी, म्हणजे कोळपणी, चालू होती. भर उन्हात उभा असताना माझे दात वाजायला लागले. घरी येईपर्यंत हाडं खुळखुळत होती. आत्याने दोन गोधड्या टाकल्या. थंडी गेली आणि अंगाचा तवा झाला, मग संध्याकाळी घाम फुटला. आत्याने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत होतो, तालमीलासुद्धा जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा दात वाजायला लागले.

आत्याने कपाळाला हात लावला. "पाणी देल्लं म्हून आली. मायनं सांगतलंच होतं, परत येईन म्हून." एक दिवस सोडून परत येणं हा हिवतापाचा स्वभावच आहे, हे आज शाळेतलं पोर सांगेल. पण तेव्हा आमच्या घरात ती धमकी खरी ठरली होती, आणि ती दिली होती मी. या वेळी घाम फुटला तरी आत्याने पाणी दिलं नाही. हुकूम घामापर्यंतचाच होता, पण आता तिने ताप मुळासकट जाईपर्यंत पाणी बंद केलं. ओल्या फडक्याने ओठ पुसायचे, बस. दादा एकटा कुरकुरला आणि डॉक्टरला आणायला म्हणून शेलूबाजारला गेला. डॉक्टर कुठल्याशा गावी गेलेला, म्हणून दादा त्याच्या दाराशी वाट बघत बसून राहिला, हे आम्हाला मागाहून कळलं.

पाचव्या दिवशी ताप तिसऱ्यांदा आला. दोन दिवस पोटात पाणी नव्हतं. लघवी बंद झालेली, जीभ लाकडाची झालेली. खोलीचं दार लोटलेलं, खिडकीत पोतं कोंबलेलं, अंगावर चार गोधड्या. थंडी संपली, आग सुरू झाली आणि थांबेचना. घामाचा पत्ता नव्हता. तेव्हा मी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. सगळी ताकद एकवटून म्हणालो, "आत्या, थे माय नोती. मी होतो. खोटा घुमलो मी. पाणी दे."

आत्या रडायलाच लागली. "पाहा कसा बरळून राह्यला. ताप डोक्यात गेला याच्या."

बाबा दारातून म्हणाले, "देवीची निंदा करून राह्यला लेकाचा. आनखी एक टाक." अशी माझ्या कबुलीजबाबाची पाचवी गोधडी अंगावर आली. जन्मात एकदाच मी अभिनय न करता बोललो होतो, आणि तेवढंच कोणाला पटलं नाही.

त्या पाचव्या गोधडीखाली मला हसू येत होतं की रडू, ते आठवत नाही. एवढं आठवतं की करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओरडायला आवाज नव्हता, गोधडी फेकायला हात उचलत नव्हता. मी मनातल्या मनात निंबाखालच्या त्या दगडासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, माय, तुझं नाव घेऊन मी बोललो. आता तूच काय ते बोल. नाही बोललीस तरी माझी तक्रार नाही. एवढं बोललो आणि मन एकदम मोकळं झालं. भीती गेली असं म्हणत नाही. पण ती धरून ठेवणारा माझ्यातला कोणीतरी बाजूला झाला.

मग अंगणात सायकल थांबल्याचा आवाज आला. मलेरियावाला सुखदेव आला होता. दर पंधरा दिवसांनी तो घरोघर फिरायचा, ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि भिंतीवर आल्याची तारीख लिहायचा. सुईच्या भीतीने मी त्याला कायम चुकवत असे. एकदा तर दाराआडून म्हातारीच्या आवाजात सांगितलं होतं, "घरी कोनी नाई बाप्पा." त्याने भिंतीवर तारीख लिहिली आणि जाता जाता म्हणाला, "बरं आजी. नाटकात काम करत जा."

सुखदेव रिठदकडचा, बौद्ध घरातला, त्याच्या घरातला पहिला मॅट्रिक. आमच्याकडे त्याला ओसरीच्या वर घेत नसत आणि पाणी द्यायचं तर उंचावरून ओंजळीत ओतत. हे मी दर खेपेला बघितलेलं होतं आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी बाबांनी उघडं टाकलेल्या दारातून त्याने मला पाहिलं आणि न विचारता सरळ आत आला. बोटातून रक्त घेतलं. कपाळावर हात ठेवला, ओढून जीभ बघितली, आणि उकिडवा बसून आत्याला विचारलं, "पाणी कधी देल्लं?"

"पाणी बंद हाये. मायचा हुकूम हाये," आत्या म्हणाली. ती भिंतीला चिकटून उभी होती.

सुखदेव मायबद्दल काही बोलला नाही. तो म्हणाला, "आत्याबाई, तुमच्या ज्वारीत रानडुकरं शिरले तं जागल्या काय करते?"

"काय करीन? शेकोटी पेटवते. डबा वाजवते."

"मंग ताप म्हंजे थे शेकोटी हाये. डुक्कर नोहे. डास चावला, त्याच्यातून जंतू रक्तात शिरले. याच्या आंगानं पाह्यलं, चोर आला, म्हून आंग सोतःच आग पेटवून राह्यलं. आधी थरथर कापला ना? थे मांस कामाले लागलं होतं, गर्मी कराले. आंग आपलं काम बराबर करून राह्यलं. आन तुमी काय केलं? शेकोटीवर पाच गोधड्या टाकल्या आन जागल्याचं भाकर-पाणी बंद केलं."

"शेकोटी हाये तं मंग बरंच हाये ना. जळू दे," ओसरीवरून बाबा म्हणाले.

"लय वाढली तं ज्वारीच जळते, बाबाजी. तुमी घामाची वाट पाहून राह्यले. घाम म्हंजे पाणीच ना? विहीर कोरडी ठेवून मोट कायची वोढता?"

मी हे सगळं तापाच्या धुरातून ऐकत होतो, तरी शब्द न् शब्द आठवतो. देहाचं इतकं साधं वर्णन मला पुढे कोणत्याही डॉक्टरने सांगितलं नाही. आत्या मात्र मान हलवत राहिली. माणसाच्या शब्दावर मायचा शब्द मोडायचा कसा? मग सुखदेव म्हणाला, "बरं. मले तरी पाणी द्या. लांबून आलो." याला ती नाही म्हणू शकली नाही. तिने पाण्याचा गडवा आणला आणि रीतीप्रमाणे उंचावरून त्याच्या ओंजळीत धार धरली. ओंजळ भरली तसा तो वळला आणि ते पाणी माझ्या तोंडात सोडायला लागला. दोन घोट गेले असतील. आत्या किंचाळली, बाबा धावले, दोघांनी त्याला खोलीबाहेर काढलं. मायचा हुकूम मोडला म्हणून जास्त राग होता की त्याच्या ओंजळीतलं पाणी मी प्यालो म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सुखदेव भांडला नाही. कागदात बांधलेल्या चार गोळ्या त्याने ओसरीच्या कडेला ठेवल्या आणि म्हणाला, "पाणी नसन द्यायचं तं ह्या गोळ्याही जातीन कशा?" सायकल गेल्याचं मी ऐकलं.

आणि मग स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. शांता वैनी जमिनीवर बसली होती आणि घुमत होती.

आता मी या कलेतला जाणकार. मरणाच्या दारात का असेना, माझी नजर गेलीच. नट म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, तिचं घुमणं फार कच्चं होतं. केस सुटले नव्हते. डोलायची लय डफड्याशिवायही सांभाळता यायला हवी, तीही नव्हती. आणि घुमता घुमता बाबा समोर दिसताच तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. साक्षात देवी सासऱ्यासमोर पदर घेते हे मी तरी कधी पाहिलं नव्हतं. पण आवाज तिचा नव्हता. त्या घरात दोन वर्षांत कोणी ऐकला नव्हता इतका तो सरळ आणि शांत होता. "पाणी दे त्याले," ती म्हणाली. "गडवाभर दे. गोधड्या काढ. गोळ्या दे."

पण आत्याही पक्की. हात जोडून म्हणाली, "माय, रागावू नको. आषाढात तूच तं नाई म्हटलं होतं. आता काहून?"

वैनीने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. "तवा मी आलीच नोती," ती म्हणाली. "थो पोट्टाच बोलला."

मी जे ओरडून सांगितलं आणि कोणी मानलं नाही, ते आता मायच्या तोंडून आलं आणि एका क्षणात खरं झालं. आत्या तिच्या पायांवर पडली आणि उठून धावत गेली. खिडकीतलं पोतं निघालं, गोधड्या निघाल्या. उजेड आत आला, वारा आला. गडव्यातला पहिला घोट घशाखाली उतरताना दुखला. दुसऱ्याला चव होती. आमच्या विहिरीचं पाणी जरासं खारं आहे, हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. गोळ्या इतक्या कडू होत्या की माझा ओरडायचा आवाज परत आला. आत्या ओल्या फडक्याने अंग पुसत बसली. उन्हं कलायच्या सुमाराला माझ्या कपाळावर घामाचा पहिला थेंब आला. तो तिने बोटावर घेतला आणि बाबांना नेऊन दाखवला. संध्याकाळी दादा डॉक्टरला घेऊन आला, तेव्हा मी बसून पेज पीत होतो.

त्यानंतर चौथ्या दिवशी सुखदेव रक्ताचा निकाल आणि आणखी गोळ्या घेऊन आला. आत्याने पाणी आणलं. सवयीने त्याने ओंजळ पुढे केली. आत्या जराशी थांबली आणि तिने गडवाच त्याच्या हातात दिला. त्या दिवसापासून आमचं घर बदललं असं मी सांगणार नाही. पुढे कित्येक वेळा ती पुन्हा जुन्या रीतीवर आली, आणि मीही दर वेळी तिला टोकलं नाही. याची लाज मला आहे. पण त्या दिवशी गडवा हातात दिला होता, हेही खरं आहे. पुढच्या आषाढात मी निंबाखाली साऱ्या गावापुढे खोटं घुमल्याचं कबूल केलं. लोक हसले. त्यांच्या मते मी बरा नट होतो, पण इतकाही बरा नव्हतो.

तापाबद्दल मी नंतर मिळेल ते वाचलं. सुखदेवने सांगितलं त्यापेक्षा वेगळं काही निघालं नाही. आपण झोपलेलो असू, घाबरलेलो असू, खोटं बोलत असू, तरी आत कोणीतरी जागं असतं आणि आपल्याला न विचारता आपल्यासाठी लढत असतं. त्याला ताकद कोण देतं, हे पुस्तकात सापडलं नाही. मी त्याला माय म्हणतो. दुसऱ्या कोणी दुसरं नाव दिलं तर माझं काही म्हणणं नाही. मला उमगलं ते इतकंच, की त्या लढणाऱ्याच्या वाटेत आपली अक्कल उभी करू नये, आणि त्याला लागेल ते पाणी द्यावं.

वैनीला मात्र मी बरीच वर्षं काही विचारलं नाही. परवा तिच्या घरी गेलो तेव्हा ती अंगणात तुरीची डाळ निवडत बसली होती. आता तिला नातवंडं आहेत आणि ती कोणासमोर पदर सावरत नाही. मी म्हटलं, "वैनी, खरं सांगा. त्या दिवशी माय आली होती, का सुखदेवचं ऐकून तुम्ही सोंग केलं?"

"तुमाले काय वाटते?"

"मला वाटतं सोंग केलं. आणि वाईट केलं."

ती खूप हसली. मग हात थांबवून म्हणाली, "मले काई आठवत नाई, भाऊजी. एवढंच ध्यानात हाये का तुमी पाणी पाणी करत होते आन मले तहान लागली. अशी लागली का घशात काटे आले. मी आत जाऊन गडवाभर पाणी पेली. तरी जाये नाई. पुन्हा पेली. तरी जाये नाई. मंग तुमी पेले, तवा गेली."

मी उठलो. वाकून तिच्या पायांना हात लावला. ती म्हणाली, "असू द्या हो," आणि पुन्हा डाळ निवडायला लागली.